वाचकांचे प्रश्न : नव्या कॅमशाफ्टची पहिली वीस मिनिटे

प्रश्न : माझ्या लहान गाडीत चार सिलिंडरचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन आहे. त्याला हेडवर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) असून टॅपेट, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे भाग, बकेट (उलट्या वाटीच्या) पद्धतीचे आहेत. ट्रॅकवर चालवण्यासाठी मी जास्त लिफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक उघडणारे, दोन नवे कॅमशाफ्ट मागवले आहेत. उद्यमनगरातील माझे मिस्त्री म्हणतात की कॅम बसवून ऑइल भरावे आणि गाडी अर्धा तास आयडलिंगवर ठेवावी, म्हणजे कॅम आपोआप बसतात. कॅमसोबत आलेल्या कागदावर मात्र आयडलिंग अजिबात करू नये असे छापले आहे. काय खरे मानावे, आणि बसवण्यापूर्वी कोणती तयारी करावी?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कागदावर छापलेले बरोबर आहे. तरीही आपल्या मिस्त्रींना दोष देऊ नये. नवे इंजिन सुरुवातीला हळुवार वागवावे, ही समज शेतीच्या पंपांसाठी ऑइल इंजिने घडवणाऱ्या कोल्हापूरच्या जुन्या कारागिरांपासून चालत आली आहे आणि बेअरिंगांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी योग्यही आहे. कॅमच्या लोबचे, म्हणजे त्यावरच्या उंचवट्यांचे, गणित मात्र वेगळे आहे. कॅमशाफ्ट क्रॅंकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे इंजिन ८०० आरपीएमवर आयडलिंग करीत असताना कॅम मिनिटाला अवघे ४०० फेरे घेतो. लोब आणि टॅपेट यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर टिकतो, तो या दोन पृष्ठभागांच्या परस्परगतीमुळे तयार होतो, आणि गती कमी असेल तर थरही पातळ राहतो. दुसरी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. लोबच्या टोकावर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा दाब सर्वाधिक असतो, पण इंजिन वेगात असताना त्या क्षणी व्हॉल्व्ह आणि टॅपेट यांचे जडत्व स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेने काम करते आणि टोकावरचा भार थोडा हलका होतो. आयडलिंगवर ही सवलत मिळत नाही. त्यामुळे ज्या वेळी ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो, नेमक्या त्याच वेळी लोबच्या टोकावर सर्वांत जास्त भार पडतो, आणि नव्या, अजून एकमेकांना न सरावलेल्या दोन पृष्ठभागांना हे सोसत नाही. म्हणून इंजिन सुरू होताच २,००० आरपीएमच्या वर न्यावे आणि पुढची वीस मिनिटे २,००० ते २,५०० च्या दरम्यान वेग सतत थोडा वरखाली करीत चालू ठेवावे. आपल्या कागदावर याहून वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा, कारण लोबचा आकार आणि धातू कॅम बनवणाऱ्यालाच ठाऊक असतो.

मला या उत्तरात सर्वाधिक भर द्यायचा आहे तो त्या वीस मिनिटांच्या आधीच्या कामावर. माझ्या पाहण्यात जे नवे कॅम खराब झाले, त्यांतील बहुतेकांची बिघाडाची सुरुवात गाडीत झाली नव्हती, ती कामाच्या टेबलावर झाली होती.

कॅम खोक्यातून काढल्यावर त्यावर गंज न लागण्यासाठी लावलेला चिकट थर असतो. तो रॉकेलने पूर्ण धुवावा, नंतर गरम पाणी आणि साबणाने स्वच्छ करून हवेने लगेच वाळवावा. कॅम आतून पोकळ असेल आणि त्यातून ऑइल जात असेल, तर त्या भोकांतून लांब ब्रश फिरवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये, कारण ड्रिलिंगचा बारीक कीस तिथेच अडकून राहतो आणि पहिल्या मिनिटात थेट बेअरिंगवर येतो. लोबवर काळपट, मंद फॉस्फेटचा लेप असेल तर तो कितीही ओबडधोबड दिसला तरी पॉलिश करून चमकवू नये. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत ऑइल धरून राहते आणि सुरुवातीच्या घर्षणात तोच लोबचे रक्षण करतो.

टॅपेट नवे घेणे सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर जुन्या बकेटचा माथा काचेवर ठेवून तपासावा, आणि त्यावर थोडीही रेघ किंवा चट्टा दिसला तर तो बकेट वापरू नये. कॅमला वरून धरून ठेवणाऱ्या कॅप एकमेकांत बदलू नयेत, हे मी मुद्दाम सांगतो. त्या हेडला लावूनच एका रेषेत बोर केलेल्या असतात, म्हणून प्रत्येकीवरचा क्रमांक आणि बाणाची दिशा जपावी. त्या आवळण्यापूर्वी क्रॅंक अशा ठिकाणी आणावा की चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर असतील, म्हणजे पहिला पिस्टन टॉप डेड सेंटरच्या (सर्वांत वरच्या स्थानाच्या) ९० अंश अलीकडे असेल. असे केले तर कॅम आवळताना उघडलेले व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत. कॅप सर्वत्र थोड्याथोड्या करून, मॅन्युअलमधल्या क्रमाने आवळाव्यात. ओतीव लोखंडी कॅम ठिसूळ असतो. एका टोकाची कॅप पूर्ण घट्ट आणि दुसरीकडे स्प्रिंगने कॅम वर उचललेला, अशा स्थितीत तो मोडल्याचे मी पाहिले आहे.

जास्त लिफ्टच्या कॅमबरोबर तीन अंतरे तपासल्याशिवाय इंजिन सेल्फने फिरवू नये. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत, आणि सर्व वेटोळ्यांमध्ये मिळून सुमारे १.५ मिमी जागा उरली पाहिजे. स्प्रिंगचा वरचा रिटेनर आणि व्हॉल्व्ह गाइडवरचे सील यांच्यातही साधारण तेवढेच अंतर हवे. तिसरे अंतर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले. ते इनलेट बाजूला किमान २ मिमी आणि एक्झॉस्ट बाजूला किमान २.५ मिमी असावे. हे मोजण्यासाठी पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळातल्या प्लॅस्टिसिन मातीचे दोन गोळे चिकटवावेत, व्हॉल्व्हला ऑइलचा हात लावावा, जुना दबलेला गॅस्केट घालून हेड बसवावे, कॅमचे टायमिंग जुळवावे आणि पाना लावून क्रॅंक हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवावा. कुठेही अडले तर जोर न लावता थांबावे. नंतर हेड काढून माती ब्लेडने कापली की तिची जाडी व्हर्नियरने मोजता येते. व्हॉल्व्ह आणि पिस्टन सर्वाधिक जवळ टॉप डेड सेंटरच्या आसपासच येतात, एक्झॉस्ट थोडे अलीकडे आणि इनलेट थोडे पलीकडे, त्यामुळे पूर्ण लिफ्टला जागा दिसते आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. दोन कॅमच्या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच वेळी थोडे उघडे असताना, एकमेकांनाही लागू शकतात, तेही याच वेळी पाहावे.

टायमिंगच्या खुणा जुळल्या म्हणजे कॅम योग्य अंशावर आहे, असे परफॉर्मन्स कॅमच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. हेडचा फेस काढलेला असेल किंवा चेन थोडी ताणलेली असेल, तरी दोनतीन अंशांचा फरक सहज पडतो. क्रॅंकच्या पुलीवर अंशांची चकती लावावी, प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणारा बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी फिरवून खरे टॉप डेड सेंटर शोधावे आणि टॅपेटवर डायल गेज टेकवावे. कमाल लिफ्टच्या १ मिमी आधीचा आणि १ मिमी नंतरचा अंश नोंदवावा. हे अंश समजा ७२ आणि १४० आले, तर त्यांची सरासरी १०६ म्हणजे इनलेट लोबचे केंद्र टॉप डेड सेंटरनंतर १०६ अंशांवर आहे. कागदावर ११० लिहिले असेल, तर समायोजनाच्या पुलीवर कॅम २ अंश मागे न्यावा, कारण कॅमचा १ अंश म्हणजे क्रॅंकचे २ अंश. पुली हलवली की वरची मातीची चाचणी पुन्हा करावी. कंटाळवाणे आहे हे मान्य, पण वाकलेला व्हॉल्व्ह त्याहून जास्त दिवस खातो.

शिमचे (कॅम आणि टॅपेट यांतले अंतर जुळवणाऱ्या चकतीचे) गणित सोपे आहे. थंड इंजिनात फिलर गेजने टॅपेटचे अंतर मोजावे, आणि सध्याच्या शिमच्या जाडीत मिळालेले अंतर वजा हवे असलेले अंतर मिळवावे. शिम २.७० मिमी, मिळालेले अंतर ०.३२ आणि हवे असलेले ०.२० असेल, तर नवा शिम २.८२ मिमीचा लागतो. बाजारात २.८० चा मिळाला तर अंतर ०.२२ राहते, ते चालते. शंका असेल तेव्हा अंतर किंचित जास्त ठेवावे, कमी ठेवू नये, कारण अंतर संपले की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो.

वंगणाबाबत एक फरक जपावा. कॅमच्या जर्नलला (कॅपमध्ये फिरणाऱ्या गोल भागांना) आणि कॅपना स्वच्छ इंजिन ऑइल लावावे, तर लोबवर आणि बकेटच्या माथ्यावर मोलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट बोटाने व्यवस्थित चोळावी. साधे चाकांचे ग्रीस येथे वापरू नये. इंजिनमध्ये मिनरल ऑइल भरावे, सिंथेटिक ऑइलची पाळी नंतर येते. फिल्टर उभा बसत असेल तर तोही ऑइलने भरून बसवावा.

आता सुरू करण्याचा दिवस. रेडिएटर भरून त्यातली हवा काढलेली असावी, पेट्रोल इंजेक्टरच्या रेलपर्यंत पोहोचलेले असावे, बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) मॅपिंग निदान इंजिन सुरू होऊन २,००० आरपीएमवर स्थिर चालेल इतके झालेले असावे. प्लग काढून आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून थोडाच वेळ सेल्फ मारावा, ऑइलचा दाब दिसला की लगेच थांबावे. सेल्फवर इंजिन मिनिटाला दोनअडीचशे फेरेच घेते, म्हणजे कॅम शंभर-सव्वाशे, आणि प्रत्येक फेऱ्यात आपण कष्टाने लावलेली पेस्ट थोडी थोडी पुसली जाते. प्लग लावल्यावर इंजिन पहिल्या काही सेकंदांतच सुरू झाले पाहिजे. झाले नाही तर पुन्हापुन्हा सेल्फ न मारता कारण शोधावे.

गाडी उभी असल्याने रेडिएटरवर वारा येत नाही, म्हणून समोर मोठा पंखा ठेवावा आणि एप्रिल-मे महिन्यांत हे काम सकाळी लवकर करावे. शटर बंद करून गॅरेजमध्ये वीस मिनिटे इंजिन चालवणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे गाडी मोकळ्या जागेतच असावी. एक माणूस एक्सलरेटरवर आणि दुसरा ऑइलचा दाब, तापमान व गळती पाहण्यासाठी असावा. काही बिघडलेच तर आयडलिंगवर आणून विचार करीत बसू नये. इंजिन सरळ बंद करावे, दुरुस्त करावे आणि उरलेली मिनिटे नंतर पूर्ण करावीत.

वीस मिनिटांनंतर गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदलावेत. जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर उलगडाव्यात. पेस्टचा काळा राप दिसणे स्वाभाविक आहे, पण चकाकणारे कण दिसले तर गाडी रस्त्यावर न काढता कॅप उघडून लोब पाहावेत. सगळे ठीक असेल तर पुढचे काही दिवस एकाच वेगात महामार्गावर पळवण्यापेक्षा पन्हाळ्याच्या रस्त्यासारख्या चढउताराच्या वाटेवर मध्यम भाराने चालवावे. ५०० किमीनंतर पुन्हा ऑइल बदलून सर्व टॅपेटची अंतरे मोजावीत आणि पहिल्या नोंदीशी ताडावीत. सगळी अंतरे थोडी सारखीच बदलली असतील तर काळजी नाही. एकाच लोबचे अंतर इतरांपेक्षा वेगळे वाढलेले दिसले, तर तो लोब झिजू लागला आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या अॅम्बेसेडरचे १,४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन मी नव्याने बांधून घेतले. कॅम नवा घातला, टॅपेट चांगले दिसले म्हणून जुनेच ठेवले, ऑइल आजच्या गाड्यांना लागते तसे उत्तम प्रतीचे भरले. ३,००० किमीच्या आत एक लोब सपाट झाला. कॅम निकृष्ट होता का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : कॅमवर शिक्कामोर्तब करण्याआधी आपल्याच पत्रातील दोन गोष्टी पाहू. या इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये असतो आणि टॅपेट थेट त्याच्या लोबवर घसरतात. त्या जागी दाबाखालचे ऑइल पोहोचत नाही, खालून क्रॅंकने उडवलेल्या शिंतोड्यांवर लोब जगतात, आणि म्हणूनच पहिल्या वीस मिनिटांत वेग २,००० च्या खाली न येऊ देण्याचा नियम इथे वरच्या इंजिनापेक्षाही कडक आहे. अशा टॅपेटचा तळ सपाट दिसला तरी बहुधा मध्यभागी केसभर फुगीर असतो, लोबला किंचित उतार दिलेला असतो, आणि या दोहोंमुळे टॅपेट काम करताना स्वतःभोवती फिरत राहतो. फिरणारा टॅपेट झीज सगळ्या तळावर वाटून घेतो. जुन्या टॅपेटचा फुगीरपणा जुन्या लोबने खाल्लेला असतो, त्यामुळे नव्या कॅमवर तो फिरत नाही, एकाच रेषेवर घासतो आणि लोबला सपाट करतो. अशा इंजिनात जुना टॅपेट फक्त जुन्या कॅमवर, तोही आपल्या मूळच्या जागीच, चालतो. नवा कॅम म्हणजे नवे टॅपेट, यात काटकसर नाही. दोन टॅपेट तळाला तळ लावून उजेडात धरावेत. कडेने उजेडाची बारीक फट दिसली तर फुगीरपणा शाबूत आहे. बसवल्यावर पुशरॉडवर खडूने खूण करून इंजिन हाताने फिरवावे आणि खुणा जागा बदलतात का ते पाहावे.

दुसरी गोष्ट ऑइलची. लोब आणि टॅपेट यांच्यात धातूला धातू लागू न देणारा मुख्य घटक म्हणजे जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग, ज्याला बाजारात झेडडीडीपी म्हणतात. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत असल्याने २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम दर्जापासून पेट्रोल इंजिनांच्या पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठेवण्यात आली. रोलर असलेल्या आधुनिक इंजिनांना ते पुरते, आपल्या अॅम्बेसेडरच्या नव्या कॅमला पुरत नाही. तिला कन्व्हर्टर नसल्याने जस्ताचे प्रमाण जास्त असलेले, जुन्या इंजिनांसाठी किंवा ब्रेक-इनसाठी (नवे भाग एकमेकांना सरावण्यासाठी) मुद्दाम बनवलेले मिनरल ऑइल वापरण्यास हरकत नाही. अशा ऑइलमध्ये वरून आणखी जस्ताची बाटली ओतू नये, प्रमाणाबाहेर गेले की तेच संयुग धातूला खाऊ लागते.

मी स्वतः असा एक कॅम गमावला आहे. अनेक वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या याच जातीच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर १८० अंशांनी उलटा बसला, आणि कारण समजेपर्यंत आम्ही बराच वेळ सेल्फ मारीत राहिलो. नंतर इंजिन उत्तम चालले, पण महिन्याभरात टिकटिक आवाज सुरू झाला आणि दोन लोब गेलेले निघाले. तेव्हापासून पहिल्या सिलिंडरचा कॉम्प्रेशन स्ट्रोक अंगठ्याने तपासल्याशिवाय आणि रोटर त्याच तारेसमोर आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कोणालाही चावी फिरवू देत नाही. आपल्याकडेही तपासून पाहावे की पहिल्या दिवशी सेल्फ किती वेळ मारला गेला होता. नवा कॅम घालण्यापूर्वी ऑइल प्रेशरच्या युनियनमधून (जोडणीतून) हातपंपाने ऑइल चढवून घ्यावे, संप (इंजिनखालचे ऑइलचे भांडे) काढून धुवावा, आणि झिजलेल्या लोबचा चुरा सर्वत्र गेलेला असल्याने बेअरिंगही उघडून पाहावीत.

प्रश्न : नवा परफॉर्मन्स कॅम महाग पडतो. मूळचाच ओतीव कॅम ग्राइंड करून लिफ्ट वाढवून घेतला तर चालेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : चालतो, मर्यादेत. लिफ्ट म्हणजे लोबचे टोक आणि त्याच्या मागचे गोल अंग यांच्या त्रिज्यांतला फरक. ग्राइंडिंगने टोकाला धातू चढत नसल्याने मागचे अंग घासून लहान केले जाते, आणि ते जेवढे लहान होते तेवढे अंतर जाड शिमने किंवा टॅपेटच्या समायोजनाने भरून काढावे लागते. खरा प्रश्न कठीणपणाचा आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या कोणालाही हे चटकन समजेल. असा कॅम ओतताना लोबच्या जागी साच्यात लोखंडी चिल ठेवलेले असतात, त्यांना लागून रस झपाट्याने थिजतो आणि तेवढ्या भागात कार्बाइडयुक्त पांढरे, कठीण लोखंड तयार होते. या थराला खोली असते, पण ती अमर्याद नसते. जास्त घासले की खालचे मऊ राखाडी लोखंड उघडे पडते आणि असा लोब कितीही काळजीने ब्रेक-इन केला तरी टिकत नाही. म्हणून ग्राइंडिंगनंतर प्रत्येक लोबची कठीणता मोजून घ्यावी, शक्य असल्यास फॉस्फेटचा लेप पुन्हा चढवून घ्यावा, आणि त्यानंतर या कॅमला नव्यासारखीच सर्व वागणूक द्यावी. कठीणता मोजून देण्यास जो तयार नाही, त्याच्याकडे कॅम देऊ नये.

प्रश्न : असा जास्त लिफ्टचा कॅम घातल्यावर रोजच्या वापरातील गाडीची पीयूसी निघेल का?
– एक वाचक, कागल

उत्तर : जास्त ओव्हरलॅपच्या कॅममध्ये आयडलिंगवर थोडे न जळलेले मिश्रण थेट एक्झॉस्टमधून निघून जाते, आणि पेट्रोल गाडीच्या पीयूसी तपासणीत हायड्रोकार्बन आयडलिंगवर मोजले जात असल्याने त्यांचे प्रमाण वाढलेले दिसते. सौम्य कॅम आणि नीट केलेले मॅपिंग असेल तर आकडे मर्यादेत राहू शकतात, तीव्र कॅममध्ये ते कठीण जाते. आयडलिंगला व्हॅक्यूम कमी मिळत असल्याने ब्रेकचा बूस्टरही पूर्वीसारखी साथ देतो का, हे गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी तपासावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही, म्हणून असे कॅम केवळ बंदिस्त ट्रॅकवर चालवायच्या गाडीसाठी ठेवावेत आणि घरच्या गाडीचे कॅम मूळचेच राहू द्यावेत, असे मी आपणास सांगेन.